तारण एकदा मिळाले की कायमचे?
(ख्रिस्ती विचारातील एका जुन्या वादाचा अभ्यास)

द्वितीय वर्ष, कला

ख्रिस्ती धर्मात 'तारण' हा शब्द फार मोठा आहे. पापापासून आणि त्याच्या परिणामांपासून झालेली सुटका, देवाशी पुन्हा जुळलेले नाते आणि मरणानंतरचे चिरंतन जीवन, एवढा सारा अर्थ या एका शब्दात सामावलेला आहे. हे तारण माणसाला स्वतःच्या कर्तृत्वाने मिळत नाही, ते देवाच्या कृपेने आणि येशू ख्रिस्तावरील विश्वासाच्या द्वारे मिळते, याविषयी ख्रिस्ती पंथोपपंथांत पुष्कळसे एकमत आहे. एकमत संपते ते पुढच्या प्रश्नापाशी. आज जो विश्वासी आहे तो उद्या विश्वास सोडू शकतो काय? त्याच्या हातून घोर पाप घडले तर काय? आणि तसे झाले तर मिळालेले तारण त्याच्या हातून निसटते काय?

वरवर पाहता हा प्रश्न धर्मपंडितांनी आपापसांत सोडवावा असा वाटतो. परंतु इतिहास पाहिला तर असे दिसते की, या प्रश्नाने साध्या माणसांची झोप उडवली, मंडळ्यांत फूट पाडली आणि एका देशात तर सुमारे २०० धर्मोपदेशकांना आपल्या जागा गमवाव्या लागल्या. ज्याला हे तारण प्राणाहून मोल आहे त्याच्या दृष्टीने 'ते जाऊ शकते का?' याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा असू शकत नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही यात शिकण्यासारखे बरेच आहे. कारण मुळात हा प्रश्न देवाची कृपा आणि माणसाचे स्वातंत्र्य यांच्या संबंधाचा आहे. प्रस्तुत लेखात या वादाची मुळे, त्याचे ऐतिहासिक टप्पे आणि त्याचा माणसाच्या मनावर झालेला परिणाम थोडक्यात पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१. वादाचे मूळ: नवा करार

हा वाद पंडितांनी बाहेरून आणलेला नाही. त्याचे बीज नव्या करारातच आहे. तेथे दोन प्रकारची वचने आढळतात. काही वचने अभय देणारी आहेत. योहानाच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात येशू आपल्या अनुयायांना मेंढरांची उपमा देतो आणि त्यांना आपल्या हातातून कोणीही हिसकावून घेणार नाही असे सांगतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल मरण, जीवन, देवदूत, वर्तमान, भविष्य अशी लांबलचक यादी देतो आणि यांपैकी काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही असे बजावतो. फिलिप्पैकरांस पत्रात तो म्हणतो की, ज्याने चांगले काम आरंभले तोच ते सिद्धीस नेईल.

दुसरी वचने इशारा देणारी आहेत. त्यांपैकी सर्वांत कठोर वचन इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि तरीही जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असा त्याचा आशय आहे. त्यापाठोपाठ शेताचा दृष्टान्त येतो: वारंवार पाऊस पिऊनही ज्या जमिनीत काटेकुसळेच उगवतात ती जमीन शेवटी जाळण्याच्याच लायकीची ठरते. योहानाच्याच शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात फळ न देणारे फाटे तोडून टाकण्याची गोष्ट आहे. स्वतः पौलही करिंथकरांना लिहिताना, इतरांना उपदेश करून आपणच अपात्र ठरू नये म्हणून आपण देहाला ताब्यात ठेवतो, असे सांगतो.

पहिल्या पक्षाचे लोक दुसऱ्या वचनांचा अर्थ असा लावतात की, जे पतित झाले ते मुळात खरे विश्वासी नव्हतेच. त्यांनी चव घेतली, पण अन्न पोटात गेले नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात, जे आपल्यातून निघून गेले ते आपले नव्हतेच, अशा अर्थाचे वचन आहे. त्याचा त्यांना मोठा आधार आहे. दुसऱ्या पक्षाचे लोक पहिल्या वचनांचा अर्थ असा लावतात की, मेंढपाळाच्या हातातून मेंढरू दुसरा कोणी ओढून नेऊ शकत नाही हे खरे, पण मेंढरू आपण होऊन निघून जाणार नाही असे तेथे कोठे म्हटले आहे?

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही दोन प्रकारची वचने दोन निराळ्या पुस्तकांत विभागलेली नाहीत. ज्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात एवढे मोठे अभय आहे, त्याच्याच अकराव्या अध्यायात गर्विष्ठ होऊ नका, नाहीतर तुम्हीही छाटले जाल, असा इशारा आहे. ज्या इब्री लोकांस पत्रात एवढा कठोर इशारा आहे, तेथेच काही ओळींनंतर लेखक आपल्या वाचकांविषयी आम्हाला याहून चांगल्याची खात्री आहे असे म्हणतो आणि आशेला जिवाच्या नांगराची उपमा देतो. याचा अर्थ लेखकांना या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटत नव्हत्या. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

शुभवर्तमानांतील दोन व्यक्तीही या संदर्भात आठवतात. यहूदाने येशूला पकडून दिले आणि त्याच रात्री पेत्राने त्याला तीन वेळा नाकारले. दोघेही शिष्य होते. दोघांनाही केल्याचे दुःख झाले. परंतु यहूदाने गळफास घेतला आणि पेत्र रडला, परत आला, पुढे मंडळीचा आधारस्तंभ झाला. पतन आणि नाश या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे या दोन चरित्रांवरून उघड होते. दोघांमधला फरक पतनाच्या आकारात नाही, पतनानंतर ते कोणत्या दिशेला गेले त्यात आहे.

२. कार्थेजचा पेच

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर व्यवहारात उभा राहिला तो तिसऱ्या शतकात. इ.स. २४९ च्या अखेरीस किंवा २५० च्या आरंभी रोमन सम्राट डेसियस याने फर्मान काढले की, साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. त्यांत अर्जदाराचे नाव, गाव, वय, अंगावरील एखादी खूण आणि 'मी नेहमीच देवतांना अर्पण करीत आलो आहे व आताही तुमच्यादेखत केले आहे' अशा आशयाचा मजकूर असतो. खाली अधिकाऱ्यांची साक्ष. आपल्या तहसील कचेरीतील दाखल्यासारखाच हा कागद. पण ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने त्या कागदावर त्याच्या आत्म्याचा सौदा होता.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी दिला. काहींनी प्रत्यक्ष बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. काहींनी मात्र नकार दिला आणि तुरुंगवास, छळ, मरण पत्करले. डेसियस २५१ साली गॉथ लोकांशी लढताना मारला गेला आणि छळ ओसरला. तेव्हा जे पतित झाले होते ते मंडळीच्या दाराशी परत आले. त्यांचे काय करायचे?

एका बाजूला तुरुंग भोगलेले काही साक्षीदार होते. त्यांचा मान मोठा होता. त्यांनी पतितांना शिफारसपत्रे देण्यास सुरुवात केली. या पत्रांच्या जोरावर लोक लगेच पंक्तीला बसू पाहू लागले. दुसऱ्या बाजूला रोममध्ये नोव्हेशियन हा विद्वान धर्मगुरू होता. ज्यांनी ख्रिस्ताला नाकारले त्यांना मंडळी पुन्हा घेऊ शकत नाही. त्यांनी पश्चात्ताप करीत राहावे आणि देव काय करील ते देवावर सोपवावे, असे त्याचे मत होते. या मतासाठी त्याने २५१ साली वेगळी मंडळीच स्थापली.

या दोघांच्या मध्ये कार्थेजचा बिशप सिप्रियन उभा राहिला. त्याची स्थितीही अवघड होती, कारण छळाच्या काळात तो स्वतः लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोल लावले जात होते. शिफारसपत्रे घेऊन येणाऱ्यांना त्याने सांगितले की, जखम न धुता वर पट्टी बांधली तर ती आतून सडते. नोव्हेशियनच्या अनुयायांना त्याने विचारले की, परतीची आशाच नसेल तर पश्चात्ताप तरी कोण करील? २५१ साली कार्थेज येथे बिशपांची सभा भरली. ज्यांनी फक्त दाखला घेतला होता त्यांना चौकशी करून परत घ्यावे, ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला त्यांनी प्रायश्चित्त करीत राहावे आणि मरणाच्या वेळी त्यांना सामावून घ्यावे, असे ठरले. थोड्याच काळात नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा पश्चात्ताप करणाऱ्या सर्वांनाच आत घेण्याचा निर्णय झाला. ज्यांना पुन्हा परीक्षेला बसायचे आहे त्यांना निःशस्त्र कसे पाठवावे, असा त्यामागील विचार होता. पुढे १४ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियनचा शिरच्छेद झाला. या वेळी तो पळाला नाही.

३. ऑगस्टीन आणि ट्रेंटची सभा

सिप्रियनच्या काळी प्रश्न मंडळीच्या सभासदत्वाचा होता. तो देवाच्या निवडीचा प्रश्न केला ऑगस्टीनने. आयुष्याच्या अगदी अखेरीस, इ.स. ४२८-४२९ च्या सुमारास, त्याने शेवटपर्यंत टिकून राहण्याच्या दानाविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, विश्वासाचा आरंभ जसा देवाच्या कृपेने होतो तसेच शेवटपर्यंत टिकणे हेही देवाचेच दान आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या, प्रामाणिकपणे आरंभ केलेल्या सर्वांनाच ते दान मिळते असे नाही. ज्यांना मिळते ते टिकतात. आणि ते आपल्याला मिळाले आहे किंवा नाही हे जिवंतपणी कोणालाही निश्चित सांगता येत नाही. म्हणजे ऑगस्टीनच्या मते निवडलेल्यांचा नाश होत नाही, पण आपण निवडलेले आहोत असे म्हणून कोणी निर्धास्त झोपू शकत नाही.

सोळाव्या शतकात कॅथलिक मंडळीने ट्रेंट येथील सभेत या विषयावर आपले मत निश्चित केले. १३ जानेवारी १५४७ रोजीच्या निर्णयानुसार, नीतिमान ठरलेला माणूस प्राणघातक पापाने कृपा गमावू शकतो. परंतु पापनिवेदन आणि प्रायश्चित्त यांच्या द्वारे ती त्याला पुन्हा मिळू शकते. जहाज फुटल्यावर बुडणाऱ्याच्या हाती लागलेली दुसरी फळी, अशी उपमा या संस्काराला दिली जाते. विशेष साक्षात्कार झाल्याखेरीज, आपण शेवटपर्यंत टिकूच, असा दावा कोणी करू नये, असेही सभेने ठरविले.

ल्यूथरचे अनुयायी अनेक बाबतींत कॅथलिकांच्या विरुद्ध होते, पण कृपा गमावता येते हे त्यांनाही मान्य होते. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, एकदा नीतिमान ठरलेला पवित्र आत्म्याला गमावू शकत नाही असे म्हणणाऱ्यांचा निषेध केला आहे. त्यामुळे 'कॅथलिक एक म्हणतात आणि प्रॉटेस्टंट दुसरे' अशी सोपी विभागणी येथे करता येत नाही.

४. डॉर्टची सभा

'खरा विश्वासी कधीही कायमचा पतित होत नाही' हे मत ठामपणे मांडले ते कॅल्विनच्या परंपरेने. आणि त्या परंपरेतूनच त्याला आव्हानही मिळाले. याकोबस आर्मिनियस हा जिनीव्हामध्ये कॅल्विनचा वारसदार बेझा याच्या हाताखाली शिकलेला. १६०३ पासून तो हॉलंडमध्ये लायडन विद्यापीठात प्राध्यापक होता. विश्वासी पतित होतो असे आपण कधी शिकवले नाही, पण तसे सुचवणारी वचने शास्त्रात आहेत, एवढेच त्याने जपून म्हटले. १६०९ साली तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या मताच्या चाळीसहून अधिक धर्मोपदेशकांनी पाच कलमांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यातील पाचवे कलम आपल्या विषयाचे. त्यात त्यांनी उत्तर दिलेच नाही. शास्त्राचा अधिक शोध घेतल्यावरच हे ठरवावे, असे त्यांनी लिहिले. वाद वाढत गेला तेव्हा मात्र, विश्वासी खरोखर पतित होऊ शकतो, असे ते उघडपणे म्हणू लागले.

या वादाच्या निर्णयासाठी डॉर्ट येथे १३ नोव्हेंबर १६१८ पासून धर्मसभा भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मनीतील काही राज्यांतूनही प्रतिनिधी आले होते. आर्मिनियसच्या पक्षाला तेथे बरोबरीचे सभासद म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून बोलावले होते आणि जानेवारी १६१९ मध्ये त्यांना बाहेर घालविण्यात आले. ९ मे रोजी निर्णय पूर्ण झाले. त्यानंतर चारच दिवसांनी, १३ मे १६१९ रोजी, त्या पक्षाला आश्रय देणारा वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नव्हेल्ट याचा हेग येथे शिरच्छेद झाला. आरोप राजद्रोहाचा होता आणि कारणे बरीचशी राजकीय होती; पण धर्मवाद आणि सत्तेचे राजकारण किती सहज एकत्र होतात, हे यावरून कळते. त्याचा सहकारी, कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप झाली. १६२१ मध्ये पत्नीच्या युक्तीने तो पुस्तकांच्या पेटीत बसून तुरुंगातून निसटला.

सभेच्या निर्णयाविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'एकदा तारण झाले की काहीही करा' असे डॉर्टने म्हटलेले नाही. विश्वासी मोठमोठ्या पापांत पडतात हे तेथे दावीद आणि पेत्र यांची उदाहरणे देऊन मान्य केले आहे. अशा पापाने ते देवाला दुखावतात, विवेकाला जखम करतात, कृपेची जाणीवही काही काळ गमावतात. पण देव त्यांना पूर्णपणे सोडून देत नाही. तो त्यांना पश्चात्तापाकडे परत आणतो. थोडक्यात, विश्वासी पडत नाही असे नव्हे, तर त्याला पडलेला राहू दिले जात नाही, असा तो सिद्धान्त आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हाच वाद दोन मित्रांत पेटला. जॉन वेस्ली आर्मिनियसच्या बाजूचा, जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्विनच्या. १७४० च्या सुमारास त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १७५१ मध्ये वेस्लीने या विषयावर पुस्तिका लिहून, विश्वासी पतित होऊन नाश पावू शकतो, असे मत मांडले. परंतु १७७० साली व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये प्रवचन केले ते वेस्लीनेच.

५. सिद्धान्त आणि माणसाचे मन

आतापर्यंत सभा आणि ठराव पाहिले. पण या प्रश्नाची खरी धार कळते ती काही व्यक्तींच्या जीवनात. इटलीतील पादुआजवळच्या चित्तादेल्ला गावचा वकील फ्रांचेस्को स्पिएरा याने नवी मते स्वीकारली होती. १५४८ मध्ये धर्मन्यायालयाच्या भीतीने त्याने ती जाहीरपणे नाकारली. त्यानंतर आपण जाणूनबुजून सत्य नाकारले, आपल्याला आता क्षमा नाही, या विचाराने त्याला ग्रासले. मित्रांनी, विद्वानांनी त्याची समजूत घातली; त्याने सर्वांचे मुद्दे खोडून काढले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निराशेतच तो मेला. त्याला भेटायला आलेला बिशप व्हर्जेरिओ हे दृश्य पाहून इतका हादरला की, पुढच्या वर्षी त्याने स्वतःच कॅथलिक मंडळी सोडली.

स्पिएराची कथा सुमारे १०० वर्षांनी इंग्लंडमध्ये एका तरुण कल्हईवाल्याच्या हाती पडली. तो म्हणजे जॉन बन्यन. 'ख्रिस्ताला विकून टाक' असा आवाज त्याच्या मनात सारखा घुमत असे आणि एके दिवशी 'जायचे तर जाऊ दे' असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. झाले, आपण एसावाप्रमाणे आपला जन्मसिद्ध हक्क विकला, असे त्याने धरले. ही व्यथा पुष्कळ काळ टिकली. स्पिएराचे पुस्तक म्हणजे ताज्या जखमेवर चोळलेले मीठ होते, असे त्याने १६६६ च्या आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. शेवटी आपले नीतिमत्त्व आपल्या मनाच्या चढउतारांत नसून ते स्वर्गात, ख्रिस्ताच्या ठायी आहे, हे उमगल्यावर तो शांत झाला. तरीही १६७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'मध्ये लोखंडी पिंजऱ्यातला निराश माणूस आहेच आणि ग्रंथाच्या अखेरीस स्वर्गाच्या दारापासूनही नरकाला वाट फुटते हे दाखवलेले आहे. हा ग्रंथ हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणला.

कवी विल्यम कूपरची गोष्ट याहून करुण आहे. त्याचे मित्र आणि धर्मगुरू जॉन न्यूटन कॅल्विनच्या मताचे होते. तारण जात नाही, अशीच शिकवण कूपरने घेतली होती. पण १७७३ साली त्याला मनोविकाराचा झटका आला आणि स्वप्नात आपला शेवटचा निकाल लागल्याचे त्याने ऐकले. त्यानंतर १८०० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो उपासनेला गेला नाही. सर्वांचे तारण सुरक्षित आहे, फक्त आपणच एकटे टाकलेले आहोत, अशी त्याची धारणा होती. म्हणजे सिद्धान्त अभयाचा असला तरी मन अभय घेईलच असे नाही. येथे नुसता तर्क अपुरा पडतो.

६. आपल्याकडील काही समांतर विचार

आपल्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात रामानुजाचार्यांच्या परंपरेतील दोन शाखांचा उल्लेख येतो. एक शाखा मर्कटन्याय सांगते: माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून असते, त्याने पकड सोडली तर ते पडेल. दुसरी मार्जारन्याय सांगते: मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लाला काहीच करावे लागत नाही. डॉर्टचा पक्ष मार्जारन्यायाजवळ जातो, आर्मिनियसचा मर्कटन्यायाजवळ. साम्य पूर्ण नाही, कारण वेस्लीच्या मते धरणारी कृपा देवाचीच असते, मात्र पिल्लू उडी टाकू शकते.

गीतेच्या सहाव्या अध्यायातील अर्जुनाचा प्रश्नही याच जातीचा आहे. योगमार्गावरून ढळलेल्याचे काय होते, तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाश पावतो काय, असे तो विचारतो. श्रीकृष्ण उत्तर देतात की, कल्याण करणाऱ्याची दुर्गती होत नाही. तो चांगल्या कुळात जन्म घेऊन पुढची वाट चालू लागतो. येथे दोन विचारांतील मोठा भेद दिसतो. गीतेत पुढचा जन्म आहे. ख्रिस्ती विचारात माणसाला एकदाच मरायचे आहे आणि नंतर न्याय. पुन्हा परीक्षेला बसण्याची सोय नाही. म्हणूनच हा प्रश्न तेथे इतका जिव्हाळ्याचा झाला.

तिसरे उदाहरण कायद्याचे. विश्वासी हा देवाचा दत्तक पुत्र आहे अशी कल्पना पौलाने मांडली आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे विधिपूर्वक झालेले दत्तकविधान आईबापांना रद्द करता येत नाही आणि दत्तक मुलालाही ते झुगारून जन्मघरी परत जाता येत नाही. हा कायदा डॉर्टच्या पक्षाला मोठा सोयीचा आहे! पण त्याच कायद्यात, दत्तक घेतले म्हणून आईबापांचा आपल्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचा हक्क जात नाही, असेही कलम आहे. मुलाचे नाते टिकते, वाटा मात्र टिकेलच असे नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, काम जळून गेले तरी माणूस स्वतः अग्नीतून वाचल्यासारखा तारला जाईल, असे वचन आहे. तारण निराळे आणि प्रतिफळ निराळे, असा भेद काही ख्रिस्ती अभ्यासक त्यावरूनच करतात.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजात तर या साऱ्या परंपरा शेजारी शेजारी नांदतात. वसईत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक परंपरा आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी आणि नंतरचे स्कॉटिश मिशनरी कॅल्विनच्या वळणाचे, तर पुढे आलेले मेथडिस्ट वेस्लीच्या वळणाचे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तीत दोन्ही परंपरांचे लोक एका छताखाली आले. ज्या मुद्द्यावर डॉर्टमध्ये माणसे हद्दपार झाली, त्यावर मतभेद असूनही एकत्र उपासना करता येते, हे येथे दिसून आले.

७. समारोप

दोन्ही पक्षांचा विचार केल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. विश्वास सोडून गेलेल्या माणसाविषयी दोघांचा व्यवहार सारखाच असतो. एक म्हणतो, याचे तारण झालेच नव्हते. दुसरा म्हणतो, झाले होते पण गेले. दोघेही त्याला 'परत ये' असेच सांगतात. फरक पडतो तो आत असलेल्या माणसाला. पहिल्या पक्षात उद्याची खात्री आहे, पण आपला आजचा विश्वास खरा आहे ना, ही शंका उरते. दुसऱ्या पक्षात आजची खात्री आहे, पण उद्याची चिंता उरते. एकाने एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने थोडे परत घेतले, असे दोघांच्या बाबतीत म्हणता येईल.

मग तारण जाते की नाही? 'जाते' आणि 'जात नाही' ही दोन्ही विधाने एकाच अर्थाने खरी असू शकत नाहीत, हे तर्कशास्त्राचा पहिला धडा शिकलेल्यालाही कळते. पण वचन कोणाला उद्देशून आहे हेही पाहिले पाहिजे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. शिष्यवृत्ती आणि घरची भाकरी यांतला फरक मला चांगला ठाऊक आहे. शिष्यवृत्ती गुणांवर अवलंबून. नापास झाले की बंद. भाकरी तशी नाही. नापास होऊन गेले तरी आई ताट वाढतेच. शिष्यवृत्ती जाईल ही भीती अभ्यासाला बसवते हे खरे. पण त्या भीतीत वर्षानुवर्षे अभ्यास होत नाही. तो होतो तो भाकरीच्या भरवशावर. आणि भाकरीचा भरवसा आहे म्हणून उनाडक्या करणाऱ्या मुलाला आई चार शब्द सुनावते, तेव्हा ती भाकरी बंद करीत नसते, पण तिचे शब्द खोटेही नसतात.

रोमकरांस आणि इब्री लोकांस या दोन्ही पत्रांत अभय आणि इशारा जवळजवळ का आहेत, याचा उलगडा मला असा होतो. इशारा निर्धास्त झालेल्यासाठी आहे. अभय घाबरलेल्यासाठी आहे. स्पिएराने आणि कूपरने आपल्यासाठी नसलेले वचन उचलले. कार्थेजचे शिफारसपत्रवाले लोक त्यांच्या उलट टोकाला होते. सिप्रियनने मात्र घाईने येणाऱ्याला थांबविले आणि रडत येणाऱ्याला आत घेतले. या विषयावर त्याच्याहून सखोल ग्रंथ पुढे पुष्कळ झाले. परंतु दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहून मग बोलण्याची त्याची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. ज्याला तारण गमावल्याचे खरोखर दुःख आहे तो अजून पेत्राच्याच वाटेवर आहे. त्याला यहूदाच्या वाटेवर ढकलण्याचा अधिकार कोणत्याही सिद्धान्ताला नाही.